डावीकडे वळणारी माणसं

कवळीवाल्यांनी छत्तीस वर्षांत हजारो माणसांचे दात बनवले. त्यांतली तोंडं पाहिली असतील ती पंचवीस-तीस. त्यांची लॅब एका इमारतीच्या तळघरात होती. दंतवैद्याकडून जबड्याचा साचा यायचा, हे त्यावर मेणात दात बसवायचे, मग कवळी पक्की करून डबीत घालून पाठवून द्यायचे. चार-आठ दिवसांनी डबी परत आली तर तिच्याबरोबर चिठ्ठी असायची. 'मागच्या दाढा उंच लागतात.' 'खालची हिरडी टोचते.' कवळीवाले चिठ्ठी वाचायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि घासायला बसायचे. तक्रार करणारं माणूस कोण, त्याला खरंच टोचतं की उगाच कुरकुर करतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. हाताखालच्या कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तोंड आपल्याला दिसतंय का? नाही ना? मग चूक आपली धरायची."

या सवयीनं नोकरीत त्यांना मान मिळाला. निवृत्तीनंतर याच सवयीनं त्यांचं घर सहा महिन्यांत साफ खरवडून निघालं.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, पायऱ्या चौपन्न. दोघं तरुण असताना हे घर घेतलं तेव्हा पायऱ्या कुणी मोजल्या नव्हत्या. मोजल्या त्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, उजव्या खुब्याचं ऑपरेशन फसल्यावर. दवाखान्यातून चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं आणि तेव्हापासून त्या खाली उतरल्या नाहीत. घरातल्या घरात काठी घेऊन चालता येतं, ओट्याशी दहा मिनिटं उभं राहता येतं, जिना मात्र जमत नाही. बाई अठ्ठावीस वर्षं पोस्टात खिडकीमागे बसलेल्या. आता घरच्या खिडकीमागे बसू लागल्या. "तेव्हा निदान समोर रांग असायची," असं त्या म्हणायच्या, तेही क्वचित.

म्हणून घर विकायचं ठरलं. हे विकायचं आणि तळमजल्यावरचं घ्यायचं, एवढाच विचार. घरही बाईंनी खिडकीतूनच हेरून ठेवलं होतं. गल्लीत डाव्या हाताला, पाच घरं सोडून, नवी इमारत उभी राहिली होती. पिवळं फाटक, वर सात घरं आणि खाली एक. खालच्या घरापुढे दोन खुर्च्या मावतील एवढी फरशी. इमारतीतली सगळी घरं विकायचं काम एका एजंटाकडे होतं, त्यालाच कवळीवाल्यांनी बोलावलं.

एजंट चाळिशीचा, कडक इस्त्रीचा, दोन फोनवाला. चौपन्न पायऱ्या चढून आला तरी त्याला दम लागला नाही. त्यानं घर पाहिलं, बाईंची चौकशी केली, पाणी प्यायलं आणि म्हणाला, "काका, होऊन जाईल. खालचं घर मी तुमच्यासाठी धरून ठेवतो. आधी हे काढू, मग ते घेऊ. काकूंना पुढच्या मोसमात फरशीवर खुर्ची टाकून बसवतो." मग त्यानं बॅगेतून करार काढला. सहा महिने घर फक्त त्याच्याकडे, दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. घर दोघांच्या नावावर, तेव्हा दोघांच्या सह्या जेवणाच्या टेबलावरच झाल्या. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "किती वेळा म्हणाला हो, होऊन जाईल?" कवळीवाल्यांनी मोजलं नव्हतं. बाईंनी मोजलं होतं, अकरा वेळा. त्या दिवसापासून घरात एजंटाचं नाव 'होऊनजाईल' पडलं.

होऊनजाईलचा एक नियम होता. माणसं घर बघायला आली की मालकानं समोर थांबायचं नाही. "मालक दिसला की गिऱ्हाईक अवघडतं, मोकळं बोलत नाही." त्यामुळे माणसं यायच्या आधी कवळीवाले गच्चीवर जायचे. बाईंना कुठे जाता येत नव्हतं, त्या आतल्या खोलीत दार लोटून खिडकीशी बसायच्या. बाहेर पावलं वाजायची, कुणीतरी धापा टाकायचं, एखादं कपाट उघडल्याचा आवाज यायचा, आणि पुन्हा जिन्यात पावलं. संध्याकाळपर्यंत कवळीवाल्यांच्या फोनवर होऊनजाईलचा निरोप येऊन पडायचा.

'गिऱ्हाईक म्हणालं, लहान खोलीला वास येतो.'

लहान खोलीत कवळीवाल्यांचं काम करायचं टेबल होतं. निवृत्तीनंतरही ओळखीच्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या ते तिथे साच्याचं प्लास्टर कालवून दुरुस्त करून द्यायचे. टेबल पट्ट्या-बोल्टांनी जमिनीला जखडलेलं. दोन दिवस खपून त्यांनी ते सोडवलं आणि भंगारवाल्याला दिलं. खोलीत आठ दिवस पंखा चालू ठेवला.

'गिऱ्हाईक म्हणालं, भिंती अंधाऱ्या वाटतात.' भिंती पांढऱ्या झाल्या. 'नळ आवाज करतो.' नळ बदलला. 'पुस्तकांचं कपाट अंगावर येतं.' कपाट दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरकडे गेलं, पुस्तकांसकट. प्रत्येक निरोप आला की कवळीवाले चष्मा नाकावर घ्यायचे आणि उठायचे. त्यांना त्यात एक प्रकारचं समाधानही होतं, हे सांगायला हवं. चिठ्ठी आली म्हणजे काम अजून दुरुस्त होऊ शकतं, असा त्यांचा हिशेब होता.

चौथ्या महिन्यात निरोप आला: 'संडासातल्या भिंतीवरचा दांडा काढा. आजारी माणसाचं घर वाटतं.'

तो स्टीलचा दांडा ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः बसवला होता. बाईंच्या हाताची उंची मोजून, त्यांना तीनदा उठबस करायला लावून. तो त्यांनी काढला. चार भोकं पुट्टीनं बुजवली, घासून रंग दिला. दातावर दात बसवणाऱ्याचा हात. भिंतीवर कधी काही होतं असा संशयही येऊ नये. बाई तेव्हापासून बेसिनला धरून उठू लागल्या. बेसिन हलायचं.

सहाव्या महिन्यापर्यंत तेवीस माणसं येऊन गेली. एकानंही किंमत विचारली नाही.

बाईंनी या तेवीसजणांना पाहिलं ते खिडकीतून, आणि पोस्टात सवय झालेल्या डोळ्यांनी. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, आपल्याकडून गेलेली माणसं सगळी डावीकडे वळतात. होऊनजाईलसुद्धा त्यांच्याबरोबर."

"गाडी तिकडे लावत असतील," कवळीवाले म्हणाले. तेव्हा ते पुट्टी कालवत होते.

"गाड्या उजवीकडे असतात. मला दिसतात ना."

"बघू," ते म्हणाले आणि बघितलं नाही.

मग एका बुधवारी पिवळ्या फाटकापाशी सामानाचा ट्रक येऊन थांबला. बाईंनी आतून हाक मारली. "जरा या इकडे. तो हिरव्या टोपीवाला बघा. गेल्या महिन्यात आपल्याकडे आला होता. त्याची बायको दमून जिन्यात बसल्याचं दारामागून ऐकलं होतं मी. गादी कुठे नेतायत बघा."

गादी खालच्या घरात चालली होती. बाईंच्या घरात.

कवळीवाले घरातल्या चपलांवरच खाली गेले. हिरव्या टोपीवाला भला माणूस होता. ओळख सांगताच त्यानं हातातला दिवा खाली ठेवला.

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे? अहो, काय घर ठेवलंय. आरशासारखं. आमची ही अजून नाव काढते."

"मग घेतलं का नाहीत?"

"आम्हाला वरचं नकोच होतं. पहिल्या दिवसापासून सांगत होतो, तळमजलाच दाखवा. एजंट म्हणाला, आधी एक वरचं बघून घ्या, म्हणजे मनात राहायला नको. त्या जिन्यानं जीव काढला आमचा. तिथून उतरून इकडे आलो, आत पाऊल टाकलं आणि ही म्हणाली, हेच. भावसुद्धा करू दिला नाही तिनं." तो हसला. "वरच्या बिऱ्हाडांनाही तसंच झालं म्हणे. आधी तुमचा जिना, मग इथली लिफ्ट."

 कवळीवाल्यांनी विचारलं, "लहान खोलीला वास आला होता का तुम्हाला? प्लास्टरचा?"

"वास? नाही बुवा."

"नळाचा आवाज?"

"नळ कोण उघडतंय, काका. चार मिनिटं तरी थांबलो असू का आम्ही. हिला खाली जायची घाई."

छत्तीस वर्षं आणि वर सहा महिने चिठ्ठ्या वाचल्यावर कवळीवाल्यांना पहिल्यांदा चिठ्ठीमागचं तोंड दिसलं, आणि त्या तोंडाला काहीच टोचत नव्हतं. घरात खोट नव्हती. खोट दाखवत राहिलं की म्हातारा कामाला लागतो, प्रश्न विचारत नाही आणि घर कसं लखलखीत राहतं, हे होऊनजाईलनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. विकायची होती ती नव्या इमारतीतली आठ घरं. तिसरा मजला हा त्या विक्रीतला नुसता जिना होता.

वर येऊन त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"दांडा काढला तेव्हा तरी अडवायचं होतंस," कवळीवाले म्हणाले.

"अडवलं होतं. म्हटलं, मला लागतो तो. तुम्ही म्हणालात, दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

 कवळीवाल्यांनी करार काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप आणखी सहा महिने पुढे. पंधरावा दिवस उद्या होता, गुरुवार. ऑफिस पाचला बंद. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की करार मोडायचा अर्ज ऑफिसातच मिळतो आणि त्यावर दोन्ही मालकांनी समक्ष सही करायची असते.

"माझ्या मंडळींना जिना उतरता येत नाही. मी सही घेऊन येतो घरून."

"समक्षच लागते, काका."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काही करायला नको. करार चालूच राहील. काळजी करू नका."

करार करायला होऊनजाईल चौपन्न पायऱ्या चढून आला होता. मोडायला बाईंनी त्या उतरायच्या होत्या.

कंडक्टरनं खुर्चीतून न्यायचं सुचवलं. दोघं भाचे बोलावतो म्हणाला. बाई नको म्हणाल्या. "सामानासारखी एकदा आले वर. खाली मी माझी जाईन."

गुरुवारी दुपारी दोनला त्या पहिल्या पायरीवर बसल्या. बुडाखाली चपटी उशी, हातात कठडा. डावा पाय खालच्या पायरीवर, मग दोन्ही हात टेकून शरीर खाली, मग उजवा पाय हातानं उचलून शेजारी. पुढे कवळीवाले उलटे उतरत होते, मागे कंडक्टर काठी आणि पिशवी घेऊन.

"तिकीट काढलंय का, वहिनी?" कंडक्टर म्हणाला.

"रिटर्न काढलंय."

"मग बसा निवांत. गाडी तुमचीच आहे."

दुसऱ्या मजल्यावर त्यांना पाणी दिलं. पहिल्या मजल्यावर त्या दहा मिनिटं डोळे मिटून बसल्या, ओठ पांढरे पडले होते. कवळीवाले म्हणाले, "राहू दे. होऊ दे सहा महिने." बाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "तुम्ही फक्त पुढे सरका. वाट अडवताय." शेवटच्या पायरीवर उशी फाटली. एक तास पाच मिनिटं लागली.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी काठी घेतली, मान वर करून स्वतःची खिडकी बघितली, आणि डावीकडे वळल्या.

"ऑफिस उजवीकडे आहे गं," कवळीवाले म्हणाले.

"माहीत आहे मला. तेवीसजण गेले, मी चोविसावी."

पिवळ्या फाटकापर्यंत जायला वीस मिनिटं गेली. फरशीवर एकच खुर्ची होती, तिच्यावर पायपुसणं वाळत घातलेलं. दार उघडं होतं. हिरव्या टोपीवाल्याची बायको आत खोकी उघडत होती, तिचं लक्ष नव्हतं. बाईंनी दाराच्या उंबऱ्यापाशी बघितलं. मग म्हणाल्या, "एकसुद्धा पायरी नाही," आणि मागे फिरल्या.

ऑफिसात पोचायला साडेचार झाले. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर विकलेल्या घरांचे फोटो. होऊनजाईल एका जोडप्याला चहा देत होता. त्याची नजर बाईंवर पडली आणि तो अगदी मनापासून खूश झाला.

"अरे काकू, उतरलात की तुम्ही. मग घाई कसली करत होतो आपण?"

"घाई आम्ही करत होतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही नव्हता करत."

त्यानं त्यांना खुर्ची ओढून दिली. अर्ज मागितल्यावर चेहरा किंचित लांब केला. "काका, एक ऐकाल? नवी इमारत आता संपली. आता माझं सगळं लक्ष तुमच्याच घरावर. खरं सांगू, आतापर्यंत माणसं दाखवायला तरी आणली ना मी तेवीस? दुसरा कोण चढतो तीन जिने?"

"खालचं घर तुम्ही धरून ठेवणार होतात," कवळीवाले म्हणाले.

"ठेवलंच होतं. सगळ्यात शेवटी विकलं मी ते. तुमच्याचसाठी थांबलो होतो." हे सांगताना त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला, आणि ते नाटक नसावं. आपण या म्हाताऱ्यांसाठी पुष्कळ केलं, असं त्याला बहुधा वाटत होतं.

अर्ज एका पानाचा होता. खाली एक ओळ रिकामी: 'करार मोडण्याचे कारण.' कवळीवाल्यांनी चष्मा नाकावर घेतला, खिशातलं पेन काढलं आणि बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'आमचे घर विकण्यासाठी दाखवले नाही. दुसरी घरे विकण्यासाठी दाखवले.' दोघांनी सह्या केल्या. बाईंची सही वाकडी आली. 

होऊनजाईलनं वाचलं. जोडप्याकडे एकदा बघितलं आणि कागद हळूच परत सरकवला. "एवढं जरा बदला, काका. वरच्या ऑफिसात जातो हा अर्ज. 'वैयक्तिक कारण' लिहा. आधीचं खोडा, शेजारी सही करा, की झालं."

आणि कवळीवाल्यांचा हात पुढे गेला. हे त्यांनी नंतर कंडक्टरला स्वतः सांगितलं, न लपवता. चष्मा नाकावर होताच. पेनाचं टोपण निघालं होतं. कुणीतरी कागद परत पाठवला होता, म्हणजे तो दुरुस्त करायचा होता. पुढे काही विचार नव्हता.

बाईंनी त्यांच्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं.

"पोच द्या," त्या होऊनजाईलला म्हणाल्या. "तारीख घाला, वेळ घाला आणि शिक्का मारा. शिक्का नीट उमटला नाही तर दुसरा मारा. मी बसलेय."

पाचला सहा मिनिटं कमी असताना शिक्का उमटला.

परतीचा जिना बसून चढता येत नाही हे त्यांना खाली उभं राहिल्यावर कळलं. एक पायरी उभ्यानं, मग श्वास. पहिल्या मजल्यावर कंडक्टरनं खुर्ची आणून ठेवली होती, दुसऱ्यावर त्यानं त्यांना आपल्या घरात नेऊन त्यांच्याच कपाटासमोर बसवलं. बाईंनी आपली पुस्तकं ओळखली, हात लावला नाही. वर पोचेपर्यंत दिवे लागले होते. त्यानंतर चार दिवस त्या अंथरुणातून उठल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी उठल्या तेव्हा पूर्वीपेक्षा कमी चालू लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, असं एकाएकी काय केलंत? बाई म्हणाल्या, "सही केली."

पुढे दुसरे एजंट येऊन गेले. एकानं जिन्यातच मान हलवली. दुसऱ्यानं करार पुढे केला तेव्हा बाईंनी तो वाचून परत दिला आणि त्यात एक ओळ घालायला सांगितली: मोडायचा झाला तर एजंटानं घरी यावं. तो म्हणाला, असं आम्ही करत नाही. घर अजून विकलेलं नाही. पिवळ्या फाटकाच्या इमारतीत जागा नाही, आणि गल्लीत दुसरा रिकामा तळमजला नाही.

पण त्या गुरुवारनंतर सहाव्याच दिवशी कवळीवाल्यांनी ड्रिल काढलं होतं. दांडा पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. तो घेऊन ते संडासात गेले आणि जुनी भोकं शोधू लागले. भिंतीवरून बोटं फिरवली, टॉर्च तिरका धरून पाहिला, ठोकून पाहिलं. सापडेनात. त्यांचंच काम, इतकं साफ झालेलं.

बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. "सरा," म्हणाल्या. आत जाऊन बसल्या, आणि उठताना हात नेहमीसारखा भिंतीकडे गेला. दोन महिने तो तिथेच जात होता आणि रिकामा परत येत होता.

"धर तसाच," कवळीवाले म्हणाले आणि पेन्सिल आणायला गेले. पेन्सिल मिळेना, तेव्हा पर्समधलं पेन आणलं, आणि हातामागे भिंतीवर खूण केली.